खाली वहिनींना दाखवा

आमच्या वहिनीचे गाल खड्ड्याखड्ड्यांचे आहेत, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की चेहऱ्यांचं काम करणाऱ्या बाईचा स्वतःचा चेहरा कसा होता ते सांगितलंच नाहीत. दादानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी तिच्या गालांकडे बघतच राहिले होते. तिच्या ते लक्षात आलं. हातातला कप खाली ठेवत ती म्हणाली, "बघून घ्या वन्सं, नीट बघा. एकदा पोटभर बघून झालं की सवय होते." मी अशी ओशाळले की विचारू नका.

"वन्सं" म्हणून नणंदेला आता कोण हाक मारतं? माझ्याहून चार वर्षांनी लहान ही बाई, पण मोठ्या भावाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणायचं, आणि मला चिडवायला तिनं आजीच्या काळातला हा शब्द उकरून काढला. तेवीस वर्षं झाली, तोच चालू आहे. माझं ऐकून ऐकून सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते. वरच्या मजल्यावरचे त्वचेचे डॉक्टर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणतात. एकदा तर दादानंच गिऱ्हाइकांसमोर "वहिनी आत आहे का गं?" असं विचारलं होतं. त्यावरून आम्ही त्याला वर्षभर छळलं.

माझं औषधांचं दुकान आहे. तळमजल्यावर मी, माझ्या डोक्यावर डॉक्टर, आणि दुकानाच्या मागे एक खोली, तिथं मी रिकामी खोकी भरून ठेवायची. आता त्या खोलीत वहिनी आहे. एक मागे कलणारी खुर्ची, भिंगाचा दिवा, हात धुवायचं बेसिन, एक स्टीलचा ट्रे. वाफेचं यंत्रही आहे, पण त्यावर ती टॉवेल वाळत घालते.

ती आधी एका मोठ्या पार्लरमध्ये होती, बारा वर्षं. तिथं येईल त्याला एकच माप: वाफ, दाणेदार स्क्रब, दाबून काढणं आणि वर सोनेरी लेप. एके दिवशी एका बाईच्या ओठावर मेण लावून ओढलं, तर केसांबरोबर कातडीच निघून आली. बाई मुरुमांसाठी डॉक्टरांच्या गोळ्या घेत होती. त्यानं कातडी नाजूक होते, मेण चालत नाही. पण तिनं सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. मालकीण म्हणाली, "गिऱ्हाईक सांगत नाही, तर आपण कशाला विचारायचं?" वहिनी म्हणाली, "मग मी कशाला राहायचं?" ॲप्रन खुंटीला अडकवला आणि चालत घरी आली. त्याच संध्याकाळी मला म्हणाली, "वन्सं, तुमची खोकी कुठे हलवायची ते ठरवा." विचारलं नाही हं, सांगितलं.

तिच्या कामाची तऱ्हाच वेगळी. फोनवर वेळ देतानाच सांगायची, "चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. लाजू नका. साबणसुद्धा आणा." माणूस आला की चेहऱ्याकडे बघायच्या आधी पिशवी उघडायची आणि एकेक वस्तू ट्रेवर मांडायची. काय काय निघायचं त्यातून! एका बाईनं नवऱ्याच्या टाचांचं मलम आणलं होतं, गेली चार वर्षं गालांना लावत होती. एक कॉलेजातली पोरगी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची तीन मलमं एकाच वेळी, एकावर एक थापत होती. "अगं बाई," वहिनी तिला म्हणाली, "चेहरा आहे तो, गिलावा नाही." अर्ध्या तासातला पाव तास पिशवीतच जायचा. उरलेल्या पाव तासात ती काय करायची, तर बहुतेक वेळा जवळजवळ काहीच नाही. साधं धुणं, थंड पट्टी, बंद पुटकुळ्या अगदी बारीक सुईनं मोकळ्या करणं, वर साधं क्रीम आणि उन्हाचं लोशन. लोक विचारायचे, एवढंच? ती म्हणायची, "एवढंच. माझ्या चेहऱ्यावर सगळ्यांनी खूप काही केलं होतं."

ते खरं होतं. चौदाव्या वर्षापासून तिच्यावर सगळ्या नातलगांनी प्रयोग केले होते. काकू लिंबू चोळायची, शेजारीण टूथपेस्ट लावायची, आणि मामी तर तिला खिडकीच्या उजेडात बसवून पुटकुळ्या नखांनी फोडायची आणि वर म्हणायची, हलू नकोस, तुझ्याच भल्याचं करतेय. डॉक्टरकडे नेलं ते अठरा पुरी झाल्यावर. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आजही वहिनीची नखं बघा, पार मुळाशी कापलेली असतात.

आता माझ्या धंद्यातलं एक सांगते. मुरुमांच्या मलमाची पहिली ट्यूब सगळे नेतात, दुसरी न्यायला कुणी येत नाही. वीस वर्षं मी हे बघत होते आणि मला वाटायचं, बरे झाले असतील. डोंबल! बरे कसले, सोडून द्यायचे. ते मलम लावलं की तिसऱ्या आठवड्यात कातडी सुटते, आधी दहा होत्या तिथे वीस पुटकुळ्या येतात, माणूस आरशात बघतो आणि ट्यूब कचऱ्यात टाकतो. दोन महिने कळ काढली तर गुण येतो, पण ते दोन महिने त्याचा हात धरून बसायचं कुणी? डॉक्टर पाच मिनिटांत कागद लिहून मोकळे, मी दोन मिनिटांत पुडी बांधून मोकळी.

वहिनी बसायची. "वाटाण्याएवढं," ती सांगायची. "सगळ्या चेहऱ्याला मिळून एक वाटाणा. दोन्ही गालांना वेगवेगळे वाटाणे नाहीत, आपल्याला भाजी करायची नाहीये. चेहरा धुतल्यावर वीस मिनिटं थांबायचं, कोरडा झाला की लावायचं. पहिले पंधरा दिवस आठवड्यातून दोनदाच." आणि तिसरा आठवडा लागला की स्वतः फोन करायची. "आला का वैताग? ट्यूब फेकलीत का? नाही ना? शाबास. उद्या या, थंड पट्टी ठेवते." मग माझ्याकडे लोक दुसरी ट्यूब न्यायला यायला लागले, तिसरी न्यायला यायला लागले. मला काही कळेना, हे अचानक काय झालं. मग कळलं.

डॉक्टरांचा मात्र पार्लर म्हटलं की तिळपापड व्हायचा. त्यांच्या कागदावर ठसठशीत अक्षरात असायचं, "चेहऱ्याला कुणीही हात लावायचा नाही." त्यांचं मत फिरवलं ते पोहायला शिकवणाऱ्या एका सरांनी. चौतीस वर्षांचा धिप्पाड गडी, हनुवटीभर फोड, तीनदा औषध सुरू करून तीनदा सोडलेलं. चौथ्या वेळी ते वहिनीच्या खोलीत लाजत लाजत शिरले आणि तीन महिन्यांनी वर तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांची हनुवटी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितली. कुणी केलं हे? सर म्हणाले, वहिनींनी.

डॉक्टर खाली उतरले. तेरा वर्षांत ते कधी माझ्या दुकानापलीकडे गेले नव्हते. वहिनीच्या दारात उभं राहून त्यांनी तोंडी परीक्षाच सुरू केली. सुई लावायच्या आधी मलम किती दिवस बंद ठेवता? गोळ्या चालू असतील तर मेण? पील कुणाला करत नाही? पील म्हणजे सौम्य ॲसिड घड्याळ लावून काही मिनिटं लावायचं आणि पुसून घ्यायचं, त्यानं मेलेली कातडी निघते. वहिनी एकेक उत्तर देत गेली. मलम हलकं असेल तर पाच दिवस बंद आणि चार मिनिटं. मलम जोरदार असेल तर पील करतच नाही, मग ते कितीही गयावया करोत. डॉक्टर "हं" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, झालं, आता खोली बंद करायला लावतात. पण दुसऱ्या दिवशी एका पोराचा कागद माझ्या हातात आला, त्यावर सगळ्या औषधांच्या खाली एक ओळ होती, "खाली वहिनींना दाखवा."

त्या दिवशी वहिनीनं तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि भिंगाच्या दिव्याखाली धरून वाचला. अक्षर लागत नव्हतं म्हणून, असं म्हणाली. खोटारडी कुठली.

तेव्हापासून पाच वर्षं आमचं असं चाललं. एकच कागद तिघांच्या हातून जायचा. डॉक्टर लिहायचे, मी पुडी बांधायची, वहिनी पुढचं बघायची. पुडीवर मी पेनानं लिहायची, केव्हा लावायचं, किती लावायचं. आणि वहिनी जी सगळ्या जगाच्या पिशव्या उपसायची, ती माझी पुडी दिसली की बाजूला ठेवायची. "हे वन्संचं आहे. ह्यात काय बघायचं?" तिच्या तोंडून हे ऐकलं की मी अशी फुगायची! माझ्या हातचं ते तपासायचीच गरज नाही, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणणारी दुसरी कोण होती मला?

आता जे सांगायचं ते सांगते. मला सांगायला आवडत नाही, पण सांगते.

टपाल वाटणारी एक मुलगी होती, तेवीसेक वर्षांची. दिवसभर सायकलवर. गालांवर एवढाले लाल फोड यायचे, ते झाकायला ती भर उन्हाळ्यात रुमाल बांधून फिरायची. लोकांच्या दारात उभी राहायची तीही तोंड वळवून. डॉक्टरांनी तिला हलकं मलम लिहून दिलं, खाली वहिनींना दाखवा म्हणून लिहिलं, आणि दोन महिन्यांत ती रुमाल काढून माझ्या दुकानात आली. पाकीट माझ्या हातात दिलं आणि चक्क माझ्या तोंडाकडे बघून हसली. वहिनीनं मला मागून चिमटा काढला, एवढी ती खूश होती.

त्यानंतर आठवड्याभरात वहिनीचं आणि माझं वाजलं. कारण ऐकाल तर हसाल. मी कोळशाच्या स्क्रबचे डबे नवीन मागवले होते, पुढे काचेत लावले होते. एक बाई डबा उचलते न उचलते तोच ही मागून आली आणि म्हणाली, "ठेवा तो खाली. भांडी घासायला आहे." माझ्या दुकानात! माझ्या गिऱ्हाइकाला! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तीही खमकी, तीही बोलली नाही.

त्या चार दिवसांतच टपालवाली दुसरी ट्यूब न्यायला आली. हलकं मलम संपलं होतं, माल आला नव्हता. त्याच नावाचं, त्याच रंगाच्या खोक्यातलं दुप्पट जोराचं होतं. मी म्हटलं, औषध तेच, जरा कमी लाव हं. तिनं मान डोलावली, तिला घाई होती. खरं तर मी वर जाऊन डॉक्टरांना विचारायला हवं होतं. निदान दहा पावलं मागे जाऊन वहिनीला सांगायला हवं होतं. पण आमचा अबोला होता ना! मी कशाला जाऊ? म्हटलं, ती बोलली की सांगू. पाचव्या दिवशी ती बोलली, स्क्रबचे डबे मी काचेतून काढले, दोघी हसलो, आणि ट्यूबचं माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

पुढे पंधरा दिवसांनी त्या मुलीच्या पीलची वेळ होती. डॉक्टरांची परवानगी होती, कागदावर हलकं मलम होतं. वहिनीनं पिशवी उघडली. साबण बघितला, लोशन बघितलं, माझी पुडी बाजूला ठेवली. "मलम बंद करून किती दिवस झाले?" "पाच." घड्याळ लावलं, चार मिनिटं. पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी रुमाल बांधून आली. वर गेली आणि डॉक्टरांकडून खाली आली तेव्हा रुमाल नव्हता, बांधवत नव्हता तिला. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, मधे मधे पाणी सुटलेलं. तिनं भाजल्यावरच्या मलमाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्या क्षणाला मला ती ट्यूब आठवली. आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? "उन्हानं झालं असेल गं, दिवसभर सायकलवर असतेस." डोळ्यांतलं पाणी गालावर उतरलं तर झोंबेल म्हणून ती मान वर करून उभी होती.

डॉक्टर त्याच दुपारी मागच्या खोलीत गेले. मी मधल्या लाकडी भिंतीच्या अलीकडे होते, सगळं ऐकू येत होतं. "वहिनी, किती मिनिटं ठेवलंत?" "चार." "नक्की?" "नक्की." आणि मग वहिनीचा आवाज, मी तो तसा कधी ऐकला नव्हता, "चारच. म्हणजे... बहुतेक."

मी तेव्हाच आत जायला हवं होतं. गेले नाही. परवाना जाईल, दुकान जाईल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेच डोक्यात. मूग गिळून बसले. डॉक्टर मुलीला विचारून बसले होते, तेच मलम ना? ती म्हणाली होती, हो, तेच, खालच्या दुकानातलं. खोकं सारखं, नाव सारखं, तिचा काय दोष? आणि माझ्या पुडीवर संशय कोण घेणार!

तीन दिवस वरून कागद येत राहिले. औषधं होती, माझ्या ओळखीचं ते किरटं अक्षर होतं, शेवटची ओळ नव्हती. मागच्या खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. "नाही हो, सध्या काम बंद आहे. नाही, पुढच्या महिन्यातही नाही. दुसरीकडे बघा. पण मलम सोडू नका हं, तेवढं ऐका माझं." दादा मला विचारायला आला, "काय झालंय गं हिला? महिनाअखेरीला खोली रिकामी करते म्हणतेय. जेवत नाही." मी म्हटलं, मला काय माहीत. सख्ख्या भावाशी खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन मागे गेले. निदान दोन घास तरी खाईल म्हणून. ती खुर्चीत बसली होती, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. समोर आरसा, घड्याळ आणि तीच ॲसिडची बाटली. तिनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि मी डबा तसाच खाली ठेवला. डावा गाल लालभडक झाला होता. त्याच खड्ड्याखड्ड्यांच्या गालावर आता पाण्याचे फोड आले होते.

"हे काय करून घेतलंस वहिनी?"

"ताळा बघत होते," ती म्हणाली. अगदी शांतपणे, मला हिशेब समजावून सांगावा तशी. "परवा चार मिनिटं ठेवून बघितलं, काही झालं नाही. काल सहा ठेवलं, जरासं लाल झालं. आज नऊ ठेवलं, तेव्हा हे असं झालं, त्या पोरीसारखं. म्हणजे मी तिला नऊ मिनिटं ठेवलं असणार वन्सं. तिच्याशी बोलत होते मी. ती कुठल्याशा कुत्र्याची गंमत सांगत होती, मी हसत होते. घड्याळ वाजलेलं मला ऐकूच आलं नसणार. लोकांच्या चेहऱ्याला हात लावायची माझी लायकी नाही."

मी तिचं मनगट धरलं. "ऊठ. वर चल."

"माझी वकिली करायला जाऊ नका," ती जिन्यावर म्हणाली. "डॉक्टर चिडलेत ते बरोबरच आहे."

मी तिला ओढत नेलं. वर बाहेर चारपाच पेशंट होते, त्यांना ओलांडून सरळ आत घुसले. डॉक्टरांसमोर टपालवालीच बसली होती, गाल तपासून घ्यायला आलेली. डॉक्टर म्हणाले, "बाई, बाहेर थांबा." मी म्हटलं, "थांबले तर परत येणार नाही मी. ट्यूब मी बदलून दिली. तुम्ही हलकं लिहिलं होतं, मी दुप्पट जोराचं दिलं. माल संपला होता. कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवशी मी हिच्याशी भांडले होते म्हणून हिला सांगितलं नाही, आणि नंतर विसरले, आणि ही पोर भाजून आली त्या सकाळपासून मला माहीत आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मुलीनं खांद्यावरच्या टपालाच्या थैलीत हात घालून माझी पुडी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडली, ट्यूबवरचा आकडा वाचला, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला. बाहेर कुणीतरी खोकत होतं. "हे मला कळवावं लागेल," ते म्हणाले. "तुमच्या परवान्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. काय लिहिलं होतं, काय दिलंत, कोणत्या तारखेला, सगळं लिहून द्या." मी हो म्हटलं. माझी नजर वहिनीवर होती. वाटलं, आता ही मला बोलेल, चार लोकांत माझी लाज काढेल, काढूदे.

ती डॉक्टरांकडे वळली. "म्हणजे चारच मिनिटं होती?"

"चारच असणार," डॉक्टर म्हणाले. "त्या मलमावर चार मिनिटंही खूप झाली. तुमचं मोजणं चुकलेलं नाही वहिनी. मीही ट्यूब बघायला मागितली नाही, ती मागायला हवी होती."

"चारच होती," वहिनी स्वतःशी म्हणाली आणि भिंतीला टेकली. मग माझ्याकडे बघितलं. "तीन दिवस, वन्सं?" एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या हो.

मग ती त्या मुलीसमोर उकिडवी बसली, तोंडाला तोंड येईल अशी. "हे बघ, त्यांची चूक त्यांनी सांगितली. आता माझी ऐक. सगळ्यांच्या पिशवीतलं सगळं बघायचं हा माझा नियम आणि ही पुडी मी उघडली नाही. घरचं माणूस म्हणून उघडली नाही. उघडली असती तर तुला हात लावला नसता. तू माझ्याकडे परत यावंस असं मी म्हणणार नाही."

मुलगी वहिनीच्या डाव्या गालाकडे बघत होती. आत आल्यापासून बघत असावी. "हे कशानं झालं?" तिनं विचारलं.

मीच सांगितलं, "तुला किती मिनिटं ठेवलं होतं ते शोधत होती. स्वतःवर."

त्या पोरीनं हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू वहिनीच्या गालाजवळ नेली, न टेकवता, नुसती धग लागते का बघायला, वहिनी गिऱ्हाइकांना बघते तशी. "अजून गरम आहे," ती म्हणाली. "चला खाली. थंड पट्टी ठेवू. आधी तुम्हाला ठेवते, मग मला ठेवा."

मामी, काकू, शेजारीण, सगळ्यांचे हात लागले होते त्या गालाला, पण असा जपून पुढे आलेला हात पहिलाच असावा. वहिनी रडली. मान वर करून रडली, गालावर पाणी उतरू नये म्हणून. मी पण रडले, खोटं कशाला सांगू.

दोघी जिना उतरून खाली गेल्या. मी मागे थांबले, कारण डॉक्टरांना माझी सही हवी होती.